मिनिकॉयहून आईला

कोची सोडल्यावर, जहाजातून

प्रिय आई,

परवान्याचा कागद अखेर हातात पडला आणि दुपारी जहाज सुटलं. लक्षद्वीपला जायला आपल्याच देशातल्या माणसालाही परवाना लागतो, हे बाबांना काही पटलं नव्हतं. पण ३६ बेटांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती त्यातल्या १० बेटांवर. येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवलं नाही तर तिथलं गोडं पाणीसुद्धा पुरायचं नाही. मला तो नियम रास्त वाटतो.

मी चाललोय ते मिनिकॉय सगळ्यांत दक्षिणेचं, कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर. लक्षद्वीपच्या बाकीच्या बेटांपासून नाइन डिग्री चॅनलने त्याला वेगळं पाडलंय आणि खाली एट डिग्री चॅनल ओलांडला की लगेच मालदीव. त्यामुळे इथली भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बोली. थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात.

शेजारच्या बाकावर बेटावरचाच एक खलाशी आहे. मालवाहू जहाजावर नोकरी करतो, सुट्टीत घरी निघालाय. मिनिकॉयचे कितीतरी पुरुष असेच जगभरच्या जहाजांवर असतात. मी मासेमारी पाहायला येतोय हे ऐकल्यावर त्याने हिंदीत विचारलं, "तुमच्याकडे कुपा कसा धरतात?" मी म्हणालो, जाळ्याने. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे एकेक."


मिनिकॉय

प्रिय आई,

त्या 'एकेक'चा अर्थ काल कळला. एका होडीच्या मालकांनी मला बरोबर यायची परवानगी दिली. तुला सगळं सविस्तर सांगतो, कारण हर्णैच्या बंदरावर इतकी वर्षं लिलाव बघितलेली तू आहेस, तुला यातली गोम लगेच कळेल.

पहाटे निघालो, पण समुद्राकडे नाही. बेट पूर्वेच्या कडेला, लांबट आणि अरुंद, आणि पश्चिमेला प्रवाळाच्या रांगेने वेढलेलं भलंमोठं लगून. आधी त्या उथळ पाण्यात चारा धरायचा. होंदेली नावाची चंदेरी मासळी, बोटभरसुद्धा लांब नाही. चौकोनी जाळं पाण्यात सोडलं, डोळ्यांना काचा लावून दोघे-तिघे उतरले आणि मासळीचा थवा हळूहळू जाळ्यावर आणला. मग चारी बाजूंनी जाळं वर. मासळी हाताळताना त्यांची काय ती नाजूक काळजी! जिवंत राहिली तरच उपयोग. होडीच्या पोटातल्या कप्प्याला तळाशी भोकं असतात, त्यांतून समुद्राचं पाणी सारखं खेळत राहतं आणि चारा ताजा राहतो. ही युक्ती इंजिनं येण्याच्या फार आधीची, शिडाच्या होड्यांच्या काळातली.

चारा भरला तेव्हा कुठे होडी प्रवाळाच्या रांगेबाहेर निळ्या पाण्यात गेली. सगळ्यांची नजर पाण्यावर नव्हे, आभाळावर. जिथे पक्षी घिरट्या घालून सूर मारतात, तिथे खाली कुपा असतो. थवा सापडला की एक जण मुठीमुठीने जिवंत चारा फेकू लागतो, दुसरे पाण्याचे फवारे उडवतात. पाणी फसफसलं की खालच्या कुप्याला वाटतं, वर बारीक मासळीची झुंबड उडाली आहे. मग तो भान हरपून वर येतो, आणि होडीच्या मागच्या फळीवर खांद्याला खांदा लावून उभे असलेले गडी काठ्या टाकतात.

आई, त्या गळाला उलटं टोक नसतं. मासा लागला की काठीला एक झटका. कुपा डोक्यावरून मागे येतो, दोरी सैल पडते आणि तो आपसूक सुटून फळ्यांवर आदळतो. गळ सोडवायला हात लावावा लागत नाही, काठी लगेच परत पाण्यात. दोन-तीन किलोचा एकेक मासा, आणि काठ्यांना क्षणाची उसंत नाही. कुणी ओरडत नव्हतं. माशांच्या शेपट्या फळ्यांवर इतक्या जोरात आपटत होत्या की ओरडून ऐकूही आलं नसतं. नको असलेली मासळी, कासवं, पिल्लं असलं काही वर आलं नाही. ज्याला बोलावलं तोच आला.

आणि मग चारा संपला. खाली थवा तसाच होता, मला दिसत होता. पण मालकांनी होडी वळवली. चाऱ्याविना तो वर येणार नाही, आणि वेगळ्या मार्गाने त्याला धरायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या क्षणी मला आपल्याकडचे वाद आठवले. समुद्रात एलईडी दिवे लावून मासे ओढायला २०१७ पासून बंदी आहे, तरी आपल्या किनाऱ्यावर त्यावरून भांडणं चालूच आहेत. वाडीतले दादा म्हणतात, आता थांबायचं कुणी आणि कशासाठी. इथे किती धरायचं ते त्या बोटभर मासळीने ठरवून टाकलं होतं.


मिनिकॉय

प्रिय आई,

आज दीपगृहावर चढलो. १८८५ सालचं, इंग्रजांनी बांधलेलं, अजून चालू. वरून एका बाजूला लगूनचा फिका हिरवा, दुसऱ्या बाजूला खोल समुद्र, आणि दक्षिणेला विरिंगिली नावाचं निर्मनुष्य बेट. पण तुला खरं सांगायचंय ते खालच्या अंगणांतलं.

बेटावर लहान-लहान गावं आहेत. प्रत्येक गावाला पुरुषांचा प्रमुख मूपन आणि बायकांची प्रमुख मूपत्ती. गावाची कामं तेच वाटून देतात. घराणं आईकडून चालतं. नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर, त्यामुळे घर, अंगण, व्यवहार बायकांच्या हातात. ज्यांच्याकडे उतरलोय त्या आजी मला काल 'मास' करायला घेऊन बसल्या. कुप्याचं डोकं आणि पोट काढायचं, लांब चार फाका करायच्या, खारट पाण्यात उकडायच्या, धुरावर धरायच्या आणि मग उन्हात दिवसच्या दिवस सुकवायच्या. पाच-सहा किलो ताज्या माशाचा किलोभर मास होतो, शिसवी लाकडासारखा टणक. बर्फ नाही, डबा नाही, आणि टिकतो महिनोन्‌महिने. श्रीलंकेत याच्याशिवाय स्वयंपाक अडतो. उकडलेलं पाणी आटवून काळसर घट्ट रिहाकुरु करतात, तेही फेकत नाहीत. १९६९ साली इथे ट्यूना, म्हणजे कुपाच, डबाबंद करायचा कारखानाही आला, पण अंगणातला मास काही थांबला नाही.

संध्याकाळी होडीचे मालक भेटायला आले. मी कुप्याबद्दल विचारत होतो, ते मात्र पुन्हा पुन्हा होंदेलीवर येत होते. पूर्वी तासाभरात कप्पा भरायचा, आता कधीकधी अर्धी सकाळ जाते, म्हणाले. त्यांचा रोख प्रवाळाकडे होता. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ टाकून देतं, पांढरं पडतं, आणि उष्मा लांबला तर मरतं. १९९८, २०१०, २०१६, २०२४: लक्षद्वीपने हे पुन्हा पुन्हा सोसलंय. चाऱ्याची बरीचशी मासळी त्याच प्रवाळाच्या आसऱ्याने वाढते. या माणसांनी समुद्राकडून कधी जास्त ओरबाडलं नाही, आणि पाणी तापवलं ते भलत्यांनीच. मला याचा राग येतो, आई.

वाडीतल्या दादांना हे पत्र वाचून दाखव. काठीने मासे धरून गाव जगत नाही, असं ते मला निघताना म्हणाले होते. इथे दहा हजारांवर माणसं आहेत आणि कित्येक घरांची चूल याच काठीवर पेटते. त्यांना काय विचारायचं असेल ते लिहून ठेवायला सांग. इथे फोन धड लागत नाही, कोचीला उतरलो की करतो. मासचे दोन तुकडे घेतलेत. पातळ तासून त्यात ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू कुस्करायचं. आजी म्हणाल्या, मीठ चाखूनच घाल.

तुझा,
बाळ