ओसाकाचें वेळापत्रक

जपानांत पर्यटनासाठीं जाऊं इच्छिणारास व्हिसाच्या अर्जासोबत एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यांत तारीखवार रकाने असतात. अमुक दिवशीं कोठें जाणार, काय पाहणार, रात्रीं मुक्काम कोठें, हें सर्व निघण्यापूर्वींच लिहून द्यावयाचें. ज्याचा जन्म शाळेचीं वेळापत्रकें आखण्यांत गेला त्यास हें काम म्हणजे हातचा मळ वाटावें. मलाही तसेंच वाटलें होतें. परंतु हा एक तक्ता पुरा होण्यास तीन महिने लागले, आणि अखेर तो माझ्या एकट्याच्या हातानें पुरा झाला नाहीं. ती हकीकत आमच्यासारख्या बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देतों.

जपानचें वेड मला लागलें तें महर्षि कर्व्यांमुळें. टोकियोच्या मेजिरो भागांत १९०१ सालीं स्त्रियांसाठीं एक विद्यापीठ निघालें. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका टपालानें अण्णांच्या हातीं आली, आणि त्या वाचनाचें फळ म्हणून १९१६ सालीं आपल्या महाराष्ट्रांत महिला विद्यापीठ उभें राहिलें. पुढें १९२९-३० सालीं, सत्तरी उलटल्यावर, अण्णा युरोप, अमेरिका करून जपानासही जाऊन आले. मी तर अजून सत्तरीच्या अलीकडेच आहें. तेव्हां तें मेजिरोचें विद्यापीठ एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही इच्छा नोकरींत असल्यापासून मनांत होती. सेवानिवृत्तीनंतर शिल्लक मोजली आणि तक्ता आखण्यास बसलों.

माझा पहिला तक्ता पाहण्यासारखा होता. टोकियो चार दिवस, क्योतो दोन, नारा, कोबे, हिरोशिमा आणि शेवटीं ओसाका. दहा दिवसांत सहा शहरें! आमच्या शाळेंत तपासणी यावयाची असली म्हणजे हेडमास्तर असेंच वेळापत्रक लावीत असत. पुण्याच्या चिरंजीवांनीं तें पाहून सांगितलें, "बाबा, हें सर्व एकट्यानें जमणार नाहीं. एखाद्या कंपनीच्या सहलीबरोबर जाऊन या. आईच्या गुडघ्यांना तें झेपणार नाहीं. ती आमच्याकडे राहील." सहलींचीं जाहिरातपत्रकें मागविलीं. एका माणसाचा आंकडा अडीच लाखांच्या पुढें! तेवढी रक्कम एकट्यापुरती होती, आणि घरांत सर्वांनीं तें गृहीत धरलें होतें. सांगण्यास लाज वाटते, पण मींही धरलें होतें. तक्त्याच्या माथ्यावर प्रवाशाचें नांव लिहावयाचें असतें. तेथें मीं एकच नांव लिहिलें होतें.

आमच्या सौभाग्यवतींचा प्रवास आजवर काशीपलीकडे झालेला नाहीं. तोही सासूबाईंच्या अस्थी घेऊन. एके संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून झाल्यावर तिनें चष्मा घातला, तो तक्ता घेतला आणि माजघरांत बसून शेवटपर्यंत वाचला. मग एवढेंच विचारलें, "अहो, यांत बसावयाचें कोठें?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं नवा कागद घेतला, माथ्यावर दोन नांवें लिहिलीं, आणि जी रक्कम एकाच्या सहलीस लागणार होती तींत दोघांचा प्रवास बसवावयाचा, असें ठरविलें. येथून पुढें खरी आंकडेमोड सुरू झाली.

पहिला बळी टोकियोचा पडला. टोकियो आणि ओसाका यांमध्यें सुमारें पांचशें किलोमीटर अंतर; तें अडीच तासांत तोडणारी शिनकान्सेन गाडी प्रसिद्धच आहे, परंतु एका माणसाचें एका वेळचें भाडें सुमारें चौदा हजार येन पडतें. पूर्वीं परदेशी प्रवाशांसाठीं सात दिवसांचा सवलतीचा रेल्वे पास मिळे, त्याची किंमत २०२३ च्या ऑक्टोबरांत तीस हजार येनांच्या आंतून एकदम पन्नास हजारांवर नेली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तो पास घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. शंभर येनांस अलीकडे साधारण पंचावन्न ते साठ रुपये पडतात. हा भाव हलता असतो, तरी हिशेबास तेवढा पुरे. मेजिरोचें विद्यापीठ पाहण्याची किंमत अशी रुपयांत मांडून पाहिली, आणि पेन्सिलीनें त्यावर काट मारली. तें सोपें गेलें असें म्हणणार नाहीं.

मग उरलें ओसाका. या शहराकडे बहुतेक प्रवासी खाण्याचें आणि खरेदीचें गांव म्हणून पाहतात, आणि एक-दोन रात्रींत तेथून निघतात. मला मात्र नकाशा पाहतां पाहतां असें दिसून आलें कीं, संस्कृत शिकलेल्या माणसानें जपानांत जें पाहावें त्यांतील पुष्कळसें ओसाकापासून दोन-अडीच तासांच्या आंत आहे. मुक्काम एकच ठेवावा, सामान एकदांच सोडावें, सकाळीं जावें, संध्याकाळीं परत यावें. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचाही प्रश्न यानें अर्धा सुटला.

मुक्कामासाठीं शिन-इमामिया स्टेशनाजवळचा भाग निवडला. विमानतळावरून येणारी नानकाई कंपनीची आगगाडी तेथें थांबते (भाडें हजार येनांच्या आंत), आणि कोया पर्वताकडे जाणारी गाडीही तेथूनच मिळते. हा भाग एके काळीं रोजंदारीवरील मजुरांच्या वस्तीचा. त्यांच्यासाठीं बांधलेल्या स्वस्त निवासांचींच पुढें लहान हॉटेलें झालीं. खोल्या अगदीं लहान, तीन-चार चटयांच्या, आणि पुष्कळ ठिकाणीं स्नानगृह सामाईक. सूनबाईंनीं नाक मुरडलें. पण दोघांस रात्रीचे पांच-सहा हजार येन, हा दर शहराच्या मध्यावर मिळत नाहीं. सामाईक स्नानाविषयीं तर एक मजेची गोष्ट कळली: तेथें हौदांत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग साबणानें स्वच्छ धुवावें लागतें, न धुतां उतरणें हा मोठा अशिष्टपणा. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे सोवळें कळतं त्यांना."

आतां पाहण्याच्या स्थळांविषयीं. ओसाकाचा किल्ला १५८३ सालीं हिदेयोशीनें बांधावयास घेतला. परंतु आज दिसणारा मनोरा १९३१ सालचा, सिमेंटकाँक्रीटचा, आंत लिफ्ट असलेला. ज्याच्या गांवांत उदगीरचा किल्ला आहे, १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं ज्याच्या परिसरांत निजामाला नमविलें, त्यानें त्या मनोऱ्यास बाहेरून नमस्कार करावा आणि तिकिटाचे पैसे वांचवावे. त्याऐवजीं शितेन्नोजी हें देवालय मुक्कामापासून पायीं जाण्याजोगें आहे. राजपुत्र शोतोकुनें तें ५९३ सालीं स्थापिलें. इमारती पुन्हां पुन्हां जळाल्या, पुन्हां पुन्हां जुन्याच रेखेवर उभारल्या. 'शितेन्नो' म्हणजे चार दिक्पाल महाराज; हे चौघे आपल्याकडूनच तिकडे गेलेले.

नाऱ्याचा दिवस मी कोणत्याही किंमतीस सोडणार नाहीं. तोदाइजी देवालयांतील पंधरा मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धाचा नेत्रोन्मीलनविधि ७५२ सालीं झाला, तो करणारा आचार्य बोधिसेन हा हिंदुस्थानांतून गेलेला, भारद्वाज गोत्राचा ब्राह्मण भिक्षु. ७३६ सालीं तो ज्या नानिवा बंदरांत उतरला तें म्हणजे आजचें ओसाका. नाऱ्यांतील दाइआनजी मठांत राहून त्यानें तिकडील लोकांस संस्कृत शिकविलें. मूर्तीचे डोळे उघडणाऱ्या लेखणीस दोऱ्या बांधून त्यांचीं टोकें जमलेल्या लोकांनीं धरलीं होतीं, म्हणजे पुण्य सर्वांस लाभावें. ओसाकाच्या नांबा भागांतून नाऱ्यास आगगाडीनें चाळीस मिनिटें लागतात, भाडें सुमारें सातशें येन.

त्याच वाटेवर इकोमा नांवाचें स्टेशन आहे. तेथून दोरखंडानें ओढली जाणारी गाडी डोंगरावर जाते. ती १९१८ पासून चालू आहे. वर होझानजी देवालयांत शोतेन या देवतेचें स्थान आहे, आणि शोतेन म्हणजे आपला गणपति. ओसाकाच्या व्यापाऱ्यांची त्यावर फार श्रद्धा. मोदकाशीं नातें सांगणारा, तिळाच्या तेलांत तळलेला एक पक्वान्नाचा प्रकार या देवतेसाठीं तिकडे होतो, आणि देवळांतील कोरीव कामांत मुळा आणि पैशाची थैली दिसते. मूर्ति मात्र गुप्त; कोणासही दाखवीत नाहींत. हें वाचून दाखविल्यावर मला वाटलें, येवढ्या लांब जाऊन दर्शन नाहीं म्हणतांच सौभाग्यवती हा रकाना खोडतील. त्यांनीं तेथेंच पहिल्यानें आपल्या हातानें लिहिलें: 'येथें थांबणें.' वर मला सांगितलें, "त्याला दिसलं म्हणजे झालं."

कोया पर्वताविषयीं थोडें अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कूकाई नांवाचा भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला, तेथें प्रज्ञ नांवाच्या भारतीय पंडितापाशीं संस्कृत शिकला, आणि परत येऊन ८१६ सालीं त्यानें या पर्वतावर मठ स्थापण्यास अनुज्ञा मिळविली. त्यानें नेलेली सिद्धम् लिपि, आपल्या देवनागरीची चुलत बहीण, आजही तेथें बीजमंत्रांसाठीं लिहितात. समाधिशिलांवर ती अक्षरें कोरलेलीं असतात. ओकुनोइन या देवदारांच्या रानांत दोन लाखांहून अधिक समाधी आहेत. पर्वतावरील विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं त्याचें अनावरण केलें. मठांत रात्रीं उतरण्याची सोय आहे, परंतु एका माणसास बारा हजार येनांच्या पुढेंच पडते. म्हणून आम्ही सकाळीं जाऊन संध्याकाळीं उतरणार. आगगाडी गोकुराकुबाशी या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाते (या नांवाचा अर्थ 'सुखावतीचा पूल'), आणि तेथून वर उतारगाडी. म्हणजे चढण नाहीं. हें मीं तीनदां खात्री करून घेतलें.

भाषेची धास्ती मात्र वाटली तेवढी राहिली नाहीं. जपानी अक्षरमाला हातीं घेतली आणि पहिल्याच दिवशीं ओळखीचा माणूस भेटावा तसें झालें. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपलीच वर्णमाला! 'च'च्या जागीं 'स' आणि 'प'च्या जागीं 'ह' एवढाच फरक. आणि विद्वान सांगतात कीं तो 'ह' प्राचीन काळीं 'प'च उच्चारीत. सिद्धम्‌चा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंनींच हा क्रम लावला. इतक्या वयांत शेचाळीस अक्षरें पाठ करण्यास मला पंधरवडा लागला, धाकट्या नातीस चार दिवस.

अन्नाचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याविषयीं कोणी फसूं नये. तेथें शेवयांचा साधा रस्साही सुक्या माशाच्या कढणावर करतात. वर भाज्याच दिसत असल्या तरी तो शाकाहारी नव्हे. 'मांस नको' म्हणून भागत नाहीं, मासा आणि कढण यांचें नांव घेऊन विचारावें लागतें. 'निकु' म्हणजे मांस, 'साकाना' म्हणजे मासा आणि 'दाशी' म्हणजे तें कढण; हे तीन शब्द पत्त्याएवढ्या कागदावर जपानी लिपींत लिहून घेतले आहेत. कोयावर मात्र मठाचें अन्न खरोखर निरामिष असतें. त्यांत कांदालसूणही नसतो. एरवीं दूध, दही, केळीं, साधा भात, आणि घरचें मेतकूट. ताजीं फळें, भाज्या आणि कच्चें धान्य तिकडे प्रमाणपत्राविना नेऊं देत नाहींत, म्हणून भाजलेलें तेंच बरोबर. औषधें महिनाभराचीं नेतां येतात. सर्दीच्या कांहीं गोळ्यांना मात्र बंदी आहे, तेव्हां डॉक्टरांस घटक विचारून घ्यावेत.

वेळ मे महिन्याचा उत्तरार्ध. एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकडे सुट्यांची झुंबड असते आणि जूनमध्यें पाऊस लागतो. मधले हे दिवस बरे. आम्हांस हैदराबाद जवळ, म्हणून विमान तेथून, वाटेंत एकदां बदलून. दोघांचें जाण्यायेण्याचें तिकीट आम्हांस लाखाच्या आसपास सांगितलें आहे, सात रात्रींचा मुक्काम पंचवीस हजार, खाणें चौदा, आगगाड्या तेरा. विमा, व्हिसा, देवळांचीं तिकिटें आणि अडीअडचण मिळून आणखी वीस. एकंदर पावणेदोन लाखांच्या आंत-बाहेर दोघांचें होतें. चिरंजीवांनीं आंकडे दोनदां तपासले आणि विमा स्वतःकडे घेतला.

विमान हैदराबादचें असलें तरी महाराष्ट्रांतील लोकांचा व्हिसाचा अर्ज मुंबईच्या जपानी वकिलातीकडेच जातो. अलीकडे व्हिसा इलेक्ट्रॉनिक झाला असून विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत चालत नाहीं. मीं तरीही एक छापून ठेवणार आहें.

तक्ता आतां पुरा झाला आहे. क्योतोस एकच दिवस दिला, तोही सान्जूसान्गेन्दो या एका लांब सभामंडपासाठीं. तेथें अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्ति आणि त्यांच्या रक्षणास ब्रह्मा, इंद्र आणि बांसरी वाजविणारा गरुड उभे आहेत. पांचव्या दिवशींच्या रकान्यांत मीं कोबे लिहिलें होतें. सौभाग्यवतींनीं तें खोडून तेथें 'शितेन्नोजीच्या आवारांत बसणें' असें लिहिलें आहे. हें इंग्रजींत काय लिहावें, याचा विचार मी कालपासून करीत आहें. अर्ज सोमवारीं पाठवावयाचा आहे.