लोटलेले दार

चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना दाराची भाषा शिकवावी लागत नाही. दार सताड उघडे असले, की वाटी घेऊन खुशाल आत जावे. साखर मिळते, वर बातमीही मिळते. कडी लागलेली असली, की आतली माणसे झोपली आहेत नाहीतर भांडत आहेत. दोन्ही वेळा मुकाट्याने परत फिरावे. पण खरी गंमत तिसऱ्या दाराची. ते नुसते लोटलेले असते. आम्ही घरात आहोत, पण जरा कामात आहोत. नडीचे असेल तर हाक मारा, नसेल तर संध्याकाळी या, इतके सारे ते न बोलता सांगते. आणि कुणाला राग येत नाही.

डोंबिवलीत आमच्या बिऱ्हाडाला आता दुहेरी दारे आहेत. बाहेर जाळीचे, आत लाकडाचे. पण दोन्हींना वळसा घालून माणसे थेट उशाशी येतात, ती मोबाइलमधून. मी पडले मास्तरीण. रात्री अकराला कुणा पालकाला शंका येते, "बाई, उद्या चित्रकलेची वही आणायची का?" उत्तर गेले नाही, तर सकाळी विचारणा होते, "बाई, वाचलंत ना? निळ्या खुणा दिसल्या." या निळ्या खुणा व्हॉट्सॲपवर 2014 साली आल्या. तेव्हापासून पत्र वाचल्याचे आपल्याआधी पत्रच सांगू लागले. पोस्टाच्या पोचपावतीवर निदान आपली सही तरी घेत!

मौज अशी, की व्हॉट्सॲप जन्मले ते निरोप धाडण्यासाठी नव्हेच. 2009 साली यान कूम या गृहस्थाच्या मनात होते ते इतकेच, की ओळखीच्या माणसाच्या नावापुढे त्याचे काय चालले आहे ते दिसावे. 'सभेत आहे', 'झोपलो आहे', 'बॅटरी संपत आली' अशा तयार पाट्याही त्यात असत. म्हणजे ते दारच होते म्हणा ना! पुढे निरोपांचा असा पूर आला, की पाटी कुठल्या कुठे वाहून गेली.

माझा भाचा ठाण्याला एका कंपनीत असल्याच गोष्टी आखण्याचे काम करतो. गेल्या महिन्यात तो चहाला आला, तो कागद-पेन्सिल घेऊनच.

"मावशी, माणूस मोकळा आहे की नाही, ते ॲपमध्ये दाखवायचंय. हिरवा ठिपका म्हणजे मोकळा, लाल म्हणजे नाही. चालेल?"

"अरे, रोज लोकलनं जातोस, आणि दोनच रंग?" मी म्हटले.

आपल्या मार्गावरचा सिग्नल चार गोष्टी सांगतो. हिरवा म्हणजे जा. दोन पिवळे म्हणजे लक्ष असू दे. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलशी थांबायच्या तयारीने ये. आणि लाल म्हणजे थांब. शिवाय धीम्या मार्गाला लाल असताना जलद मार्गाला खुशाल हिरवा असतो. पहाटे पाच ते साडेसहा मी लिहायला बसते. त्या वेळी पालकांना लाल दिसावा, शाळेला पिवळा.

"पण लाल बघून कुणाला राग आला तर?"

"लाल दिव्यावर कुणी रागावतं का? दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी उगीच उभी राहिली, म्हणजे डबा चिडतो. लाल ठिपक्याखाली 'सात वाजता मोकळी' एवढं लिहिता येऊ दे; माणसं शहाणी असतात."

कचेरी सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले, 2025 मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये तर 2017 पासून तसा कायदाच आहे. पण कायदा फार तर मालकाला आवरील. नणंदेला, शेजारणीला, पालकांना आवरायला लोटलेले दारच हवे.

"आणि आजीला कुठला रंग?" भाच्याने विचारले.

इथे मात्र मी थबकले. आई कल्याणला एकटी राहते. ती निरोप पाठवीत नाही, फोनही क्वचित करते. रोज संध्याकाळी ती फक्त माझ्या नावाखालची वेळ बघते. मी व्हॉट्सॲप शेवटचे कधी उघडले, ती वेळ. सातनंतरची दिसली, की मुलगी गाडीतून धड उतरली असे समजून जेवायला बसते. 2025 च्या 9 जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून पडले, काहींचे जीव गेले. तेव्हापासूनचा तिचा हा नेम. ती वेळ सगळ्यांपासून लपवावी म्हणते, असे मी एकदा बोलले, तर ती एवढेच म्हणाली, "लपव हो. मी आपली जागी राहीन."

आता गंमत पाहा. ही वेळ सगळ्यांना दाखवता येते, कुणालाच दाखवता येत नाही, किंवा अमुक-तमुक वगळून दाखवता येते. पण एकट्या आईला दाखवायची, तर फोनमधल्या उरलेल्या चारशे जणांना एकेक करून वगळायचे! जगाला दार लावता येते. जगाला लावून आईला उघडे ठेवणे तेवढे अवघड.

"आजीला रंग नको," मी म्हटले. "तिला वेळ दिसू दे. आणि ती कुणाला दाखवायची ते मी ठरवीन, तुझं यंत्र नव्हे."

भाच्याने ते लिहून घेतले, आणि पेन्सिल कानावर अडकवून विचारले, "आणि मावशी, मला कुठला?"

"तू इथं विचारून येतोस का कधी? मग फोनवर कशाला विचारतोस? चहा घे, निवतोय."