दोनशे पावले

आमच्या घरात मोटार या शब्दाला आजवर एकच अर्थ होता : गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवते ती. त्यामुळे नवरात्र संपता संपता मी एके संध्याकाळी पिशवीतून तीन मोटारी काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी भाजणीचा डबा बाजूला सरकवीत अगदी साहजिक प्रश्न केला, "यांनी किती पाणी चढतं हो?"

"पाणी नाही चढत. या पावलं टाकतात."

"कुठं जायचंय त्यांना?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मूळ कारण देव्हारा. आमचे सासरे कोकणातले सुतार. मुलीच्या लग्नात त्यांनी आपल्या हाताने कोरलेला देव्हारा दिला होता. मध्ये कमळ, दोन्ही अंगांनी चढत गेलेली वेल, अशी त्याची महिरप. गेल्या पावसाळ्यात त्या महिरपीत वाळवी शिरली आणि आम्हांला पत्ता लागला तेव्हा आत नुसता भुसा उरला होता. सासरे जाऊन वीस वर्षे झाली. त्यांच्या पलंगाची एक सागवानी फळी मात्र माळ्यावर होती. बेताची, एकच महिरप निघेल एवढी. ती मी कोरावी, तर माझ्या हातात आता चहाची बशीसुद्धा वाजते. दुसऱ्या कुणाला द्यावी, तर ही तयार होईना. "फळी घराबाहेर जायची नाही," एवढेच म्हणाली. तेव्हा घरातच यंत्र बांधायचे ठरले. संगणकाने आकडे सांगायचे, हत्याराने लाकडावर फिरायचे. ज्याला कारखान्यात सीएनसी म्हणतात ते.

आता हे यंत्र बांधायला निघालेला माणूस कोण, हेही सांगितले पाहिजे. मी १९७४ पासून पिंपरीकडच्या एका कारखान्यात टर्नर होतो. १९९२ साली आमच्या शॉपमध्ये पहिले सीएनसी लेथ आले. ही विद्या काही तेव्हाची नव्हे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९५२ सालीच भोके पाडलेल्या पट्टीवरून चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवले होते. आमच्यापर्यंत यायला तिला चाळीस वर्षे लागली, पण आल्यावर नऊ वर्षांत तिने आमची अख्खी रांग उठवली. २००१ साली स्वेच्छानिवृत्तीचा कागद माझ्यापुढे आला. त्यातली स्वेच्छा कुणाची, हे ज्याचे त्याने ओळखावे.

त्या लेथवर एक नुकता डिप्लोमा झालेला पोरगा असे. दार लावायचा, बटण दाबायचा आणि मान तिरकी करून उभा राहायचा. आम्ही त्याला 'बटणराव' म्हणत असू. नाव मीच ठेवलेले. "नुसतं उभं राहायचा पगार घेतोस की रे!" असे मी त्याला एकदा भर शॉपमध्ये म्हटले. तो चिडला नाही की हसला नाही. तळहात वर करून त्याने मला गप्प राहायची खूण केली. केवढा उद्धटपणा, असे मला वाटले. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही, नऊ वर्षे.

असो. यंत्राच्या सांगाड्याविषयी लिहीत नाही. ते माझेच काम, आणि आपल्या कामाचे कौतुक आपण करू नये. अडले ते मोटारीपाशी.

बुधवारातल्या तपकीर गल्लीत मी तीन खेपा घातल्या. मोटारी दोन जातींच्या. पहिली स्टेपर. एका फेऱ्यात ती मोजून दोनशे पावले टाकते, एक पाऊल १.८ अंशांचे. माझ्या स्क्रूचा फेरा ५ मिलिमीटरचा, म्हणजे एका पावलात हत्यार ०.०२५ मिलिमीटर सरकणार. एवढ्या बारकाईसाठी आम्ही तरुणपणी श्वास रोखून डायल फिरवत असू. पण या मोटारीचा एक स्वभाव आहे. 'चाल' म्हटले की ती चालते, आणि पाऊल खरेच पडले की जागच्या जागी थरथरले, हे ती मागे वळून पाहत नाही. दुसरी जात सर्व्हो. हिच्या शेपटीला एन्कोडर असतो. 'मी कुठे आहे, कुठे असायला हवे होते,' असे ती सतत विचारत राहते. फार मागे पडली तर काम थांबवून ओरडते. आमच्या शॉपमधल्या लेथवर असल्याच मोटारी होत्या. हल्ली स्टेपरलाही एन्कोडर लावून देतात. त्या दोन्हींची किंमत ऐकून मी पिशवीचे बंद आवळले आणि साध्या स्टेपरकडे वळलो.

तिथे माझ्यातला टर्नर आडवा आला. आमच्या पिढीचा सिद्धान्त असा की जड असेल ते चांगले. या मोटारींच्या तोंडाचे माप इंचाच्या दहाव्या भागात सांगतात. 'नेमा २३' म्हणजे तोंड २.३ इंचांचे. तोंड तेच, पण लांबी कमीजास्त. मी सर्वांत लांब, सर्वांत जड, ३० किलो-सेंटिमीटर जोराची निवडली. पैसे वाचवायला वीजपुरवठा मात्र २४ व्होल्टचा.

मुलगी बंगळुरूला असते, विजेची इंजिनीयर आहे. फोनवर तिने विचारले, "बाबा, मोटारीचा इंडक्टन्स किती?"

"ते काय असतं? वजन विचार."

"वजनाचं काय करायचंय? लेबलवर जोर लिहिलाय तो उभ्या मोटारीचा. धावायला लागली की तो उतरतो."

मला तिने पुष्कळ समजावले. मोटारीच्या वेटोळ्यात वीज एकदम शिरत नाही, हळूहळू भरते. इंडक्टन्स जास्त तर भरायला वेळ जास्त. पावले भराभर टाकायला लावली की वेटोळे भरण्याआधीच पुढचे पाऊल येते आणि जोर ओसरतो. वीज लवकर भरायची तर व्होल्टेज चढे हवे, टाकी उंच असली की नळाला धार जोरात येते तसे. (म्हणजे हिचा पाण्याचा प्रश्न तितकासा गैरलागू नव्हता.) जाणत्यांचा एक ठोकताळाही तिने सांगितला : इंडक्टन्सचे मिलिहेन्री घ्या, वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा, तेवढ्या व्होल्टपर्यंत खुशाल जावे. माझी मोटार ४ मिलिहेन्रीची. वर्गमूळ २, म्हणजे ६४. आणि मी देत होतो २४.

हिशेब मला कळला. पण आयुष्य यंत्रावर काढलेल्या बापाला मुलीचा हिशेब कळणे आणि पटणे यांत अंतर असते. मोटारी बसवल्या, आर्डुइनो नावाचे हाताएवढेही नसलेले सर्किट जोडले. ते मूळचे इटलीतल्या इव्रेआ गावचे, तिथल्या एका मद्यालयावरून त्याचे नाव पडले. देवाच्या महिरपीला मद्यालयाचा हात लागणार, हे मी घरात बोललेलो नाही. या अंकातूनच कळेल.

पहिली चाचणी खोक्याच्या फळकुटावर घेतली. सावकाश छान चालले. मग मला घाई सुटली. रिकाम्या जागेवरून हत्यार पळवायचा वेग मिनिटाला ३ मीटर केला, म्हणजे मोटारीचे ६०० फेरे, आणि स्वयंपाकघरात करंजीचे सारण चाखायला गेलो. परत येऊन पाहतो तो वेल कमळाच्या छातीतून आरपार गेलेली! सारी नक्षी दोन सूत सरकलेली. मोटारीने मधेच कुठे तरी पावले गमावली आणि आपण योग्य जागी आहोत अशा खात्रीने पुढचे सगळे काम इमानाने चुकीच्या जागी केले. काही बिघडले आहे असा पुसट इशारासुद्धा कुठे नाही. सागवानी फळी शेजारीच भिंतीला टेकून होती. मी ती उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच फळकूट उलटे करून पुन्हा चालवले आणि शेजारी उभा राहिलो. या वेळी ऐकू आले. मोटारीचा सूर एकाएकी घसरला, खर्र झाले, पाव सेकंदही नसेल. कान तिकडे नसता तर निसटलेच असते.

मग मुकाट्याने मोटारी बदलल्या. दुकानदार भला, त्याने थोडी घट धरून परत घेतल्या. नव्या निम्म्या लांबीच्या, १२ किलो-सेंटिमीटरच्या, पण सव्वादोन मिलिहेन्रीच्या. गुणाकार बरोबर ४८. ड्रायव्हरची सीमा ५० व्होल्टची, म्हणून थोडे आत राहून ३६ चा पुरवठा घेतला. मधे एक ड्रायव्हर मी स्वतःच्या हाताने जाळला. वीज चालू असताना मोटारीची वायर उपसू नये, हे पुस्तकात होते. धूर मात्र एवढासाच आला. पुढे सलग चार दिवस फळकुटांवर नक्षी काढली, तोच वेग ठेवून. एक पाऊल चुकले नाही. "आता एन्कोडर हवाच असं नाही," मुलगी म्हणाली, "पण तुम्ही तिथं थांबा."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी खरी फळी बांधली. हिने तिला हळदकुंकू लावले, ते मी पुसू दिले नाही. कोरताना आपोआप जाईल म्हटले. यंत्र सुरू झाले. सागाचा वास सुटला, तसा तो पन्नास वर्षांच्या जुन्या लाकडालाही सुटतो. मी बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून उभा होतो. तासाभराने ही चहा घेऊन आली. थोडा वेळ यंत्राकडे, थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"अहो, ते आपलं आपण चाललंय ना? मग तुम्ही मान वाकडी करून नुसते उभे कशाला?"

मी तळहात वर करून तिला गप्प राहायची खूण केली. तिने कप खिडकीत ठेवला आणि गेली. कमळाची तिसरी पाकळी चालू होती.