बोलघेवडी पेटी

गेल्या दिवाळीत आमच्या टेलिव्हिजनला भलतीच वाचा फुटली. तसा तो पूर्वीही बोलतच असे. पण आता रिमोटची कळ दाबावी, की पडद्यावरचे अक्षर न् अक्षर कुणी एक बाई इंग्रजीत वाचून दाखवी. आवाज वाढवला तरी बारा, तेरा, चौदा असा हिशेब! आठ दिवस सोसले आणि नवव्या दिवशी मी कंबर कसली.

शोधाअंती उमगले की, आमच्या रिमोटवरची आवाजाची कळ जरा वेळ दाबून धरली म्हणजे दृष्टी अधू असलेल्यांसाठीच्या सोयींची यादी उघडते. त्यातले पडदा वाचून दाखवणे मी बंद केले. घर शांत झाले.

"सुटलो बाई एकदाचे!" सौभाग्यवती म्हणाली.

विजयी मुद्रेने मी वळलो, तो कोपऱ्यात आई. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेलेली. ती हळूच म्हणाली, "बंद केलंस होय रे? ती आकडा सांगायची, त्यावर मी माझं कीर्तन लावत होते. आठ दिवस कुणाला हाक मारावी लागली नाही."

मी निमूटपणे कळ पुन्हा दाबून धरली. त्याच यादीतून बाईंचा आवाज आणि वेग थोडा कमी करता येतो, हेही तेव्हा समजले.

पहिल्यांदा ती कळ कुणी दाबून धरली होती, हे मात्र आईला मी अजून विचारलेले नाही.