अठ्ठावीस हात

परवा रविवारी भाची आली ती फाइल घेऊनच. कॉलेजात युवा संसद आहे, ती कायदामंत्री, आणि घटनादुरुस्तीचं विधेयक मांडायचंय. "मामा, तू विरोधी पक्ष हो." झालं! चहा बाजूला राहिला आणि आमच्या भिंगारच्या ओट्यावर लोकसभा भरली. प्रेक्षक गॅलरीत आई शेंगा फोडत बसलेली, अण्णा पेपरामागे.

विधेयक चांगलं होतं हो. अधिवेशन चालू नसताना सरकारला वटहुकूम काढता येतो, पण संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. हिचं म्हणणं, संपलेला वटहुकूम पुन्हा काढता येणार नाही असं घटनेतच लिहून टाका. मी म्हटलं, गरज काय? तर बाईंनी थेट बिहार काढला. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर जवळजवळ १४ वर्षं. हे खणून काढलं आपल्या पुण्यातल्या गोखले संस्थेच्या डी. सी. वाधवा यांनी. अर्थशास्त्राचा माणूस! मग स्वतःच सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८६ च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "कुठलं सरकार स्वतःचेच हात बांधून घेईल?"

"१९७८. चव्वेचाळिसावी दुरुस्ती." जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या कागदावर राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून जनता सरकारने घटनेत घातलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. लोकसभेची सहा वर्षांची केलेली मुदतही परत पाचावर आणली. मी गप्प. आई मात्र हसत होती.

मग तिने शेवटचं पान उलटलं. त्यावर आधीच टाइप केलेलं होतं : मतदान. विधेयक मंजूर. टाळ्या.

आणि माझ्या पोटात कुठेतरी कालवलं.

१९८७ साली मी नववीत होतो. आमच्याही शाळेत अभिरूप संसद झाली होती आणि मी होतो लोकसभेचा अध्यक्ष. काळा कोट शेजारच्या वकिलांचा, बाह्या बोटांपर्यंत. तेव्हा वसंत साठे अध्यक्षीय पद्धत आणा म्हणून हिरिरीने मांडत असत, पेपरात वाद चालायचे. आमचं विधेयकही तेच होतं. विरोधी पक्षनेता माझा बाकावरचा मित्र. त्याने कुठूनतरी बाबासाहेबांचं नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं भाषण वाचलं होतं. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारी निवडली आहे, हा त्यातला मुद्दा त्याने असा मांडला की सरकारी बाकावरचे दोघेतिघे त्याच्याकडे वळले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा दोनच वर्षांचा होता, पण आमच्या वर्गाला तो लागू नव्हता :)

हात मोजले. हजर ४१. बाजूने २४, विरोधात १७. मित्र उठला, "अध्यक्ष महाराज, घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात!" मला माहीत होतं. मीच आदल्या दिवशी पाठ केलं होतं. पण पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते (नगरचे पाहुणे म्हणजे भाषणाची सुरुवात भुईकोट किल्ल्यातल्या नेहरूंपासून, ती झालेली होती), आणि विंगेतून सर हाताने खूण करत होते, आटप आटप. कागदावर 'मंजूर' लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "विधेयक मंजूर."

टाळ्या पडल्या. मित्र खाली बसला. पुढे दोन-तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही कधी त्याला चुकलो असं म्हटलं नाही. म्हणायचं काय, नाटकच तर होतं!

हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "पण मामा, तू खुर्चीत होतास ना?"

तेवढ्यात पेपरामागून अण्णा बोलले. "दिल्लीचं राहू द्या. आपल्या वॉर्डाचा मेंबर कोण, ते सांगा."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, भिंगारला नगरपालिका नव्हे, कॅन्टोन्मेंट बोर्ड. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, पदसिद्ध. निवडून आलेल्यांतून मिळतो तो उपाध्यक्ष. पण निदान २००६ च्या कायद्याने निम्मे सदस्य आपण निवडून द्यायचे. त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. पुढे देशातल्या ५७ कॅन्टोन्मेंटांसाठी ३० एप्रिल २०२३ ला मतदान ठरलं आणि महिनाभर आधीच रद्द झालं. अण्णांनी त्या वेळी यादीत नाव आहे का ते बघून ठेवलं होतं. इथे वटहुकूमही लागला नाही, बाकंच रिकामी झाली. भाचीने ते वहीत लिहून घेतलं. भाषणात घेईल की नाही, माहीत नाही.

जाताना तिने शेवटच्या पानावरचं 'मंजूर' पेनने खोडलं आणि तिथे रिकामी चौकट काढली. तिच्या मॅडमना चालेल का, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

रात्री मी मित्राला फोन लावला. तो आता नाशिकला असतो, वर्षातून एकदा दिवाळीला बोलतो आम्ही. म्हटलं, नववीतली संसद आठवते का रे?

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अठ्ठावीस लागत होते."