भुशापलीकडची धूळ

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी लाकूडकाम करतो. बहुतेक लाकूड जुनं सागवान. गावठाणातले वाडे पाडले की चौकटी, तुळया, कडीपाट निघतात. ते विकत घ्यायचे, खिळे उपसायचे आणि त्यातून पाट, चौरंग, पुस्तकांची कपाटं करायची. टेबल सॉपुरतं १ हॉर्सपॉवरचं धूळ ओढायचं यंत्र आणि ४ इंची नळी भागवत होती. थिकनेस प्लेनर आला तसं ते अपुरं पडायला लागलं. ढलप्या नळीच्या वळणात तुंबायच्या, पिशवी फुगायची आणि संध्याकाळी शेडच्या पत्र्यांवर, खिडकीच्या जाळीवर पिवळसर थर दिसायचा.

पण दिसणाऱ्या थराची मला तेवढी काळजी नव्हती. हवेतले सूक्ष्म कण मोजणारं एक छोटं मीटर मी शेडमध्ये टांगलं होतं. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. सँडिंग सुरू केलं की मीटरचा आकडा तिच्या कितीतरी पुढे जायचा. काम थांबवून, फरशी पुसून, जेवून परत आलो तरी तो पुरता खाली आलेला नसायचा. १० मायक्रॉनखालचा कण डोळ्याला दिसत नाही आणि बंद जागेत तासन् तास तरंगत राहतो. नाक आणि घसा मोठा भुसा अडवतात, याला अडवत नाहीत.

आमचे वडील इथल्याच एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून यायची, दोन-तीन दिवसांत सैल पडायची. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या आजाराला बायसिनोसिस म्हणतात आणि सोमवारचा त्रास ही त्याची ओळखीची खूण आहे, हे मला खूप नंतर कळलं. १८७७ साली इथे कापड गिरणी उभी राहिली, पुढे घरोघर यंत्रमाग आले. सोलापुरात धूळ आणि छाती यांचं नातं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लाकडाच्या धुळीकडे मात्र आपण अजून निरुपद्रवी म्हणून बघतो. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात एस्मे हॅडफिल्ड या नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक होत्या. १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीतला एक दुर्मीळ कर्करोग खुर्च्या-टेबलं करणाऱ्या कामगारांतच पुन्हा पुन्हा दिसतोय. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हे वाचल्यावर यंत्रणा वाढवायची हे माझ्यापुरतं ठरलं.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, मोटर मोठी घ्या. मोटर लागतेच, पण निम्मं उत्तर पाइपात असतं. भुसा आडव्या पाइपात खाली न बसता वाहत राहायचा, तर हवेचा वेग मिनिटाला साधारण ४००० फूट हवा. त्या वेगानं ४ इंची पाइपातून मिनिटाला जेमतेम ३५० घनफूट हवा जाते. ६ इंचीतून ७८५. व्यास दीडपट, वाट सव्वादोनपट. उलट, त्याच अरुंद पाइपातून दुप्पट हवा ओढायची म्हटली तर दाब चौपट आणि ताकद आठपट लागते. प्लेनरला मिनिटाला ५०० घनफुटांच्या वर हवा पाहिजे. म्हणजे ४ इंची नळीवर २ हॉर्सपॉवर काय, ३ लावली तरी पैसे वायाच.

म्हणून मुख्य वाहिनी ६ इंची जीआय पत्र्याची केली आणि ती प्रत्येक यंत्राच्या अगदी जवळ नेली. फाटे काटकोनात न काढता वाय आकाराचे, वळणं मोठी. घड्या पडणारी लवचीक नळी हवेला फार अडवते, ती शेवटच्या हातभर अंतरापुरती ठेवली. प्रत्येक फाट्याला सरकती पत्र्याची झडप आहे. एका वेळी एकच यंत्र चालतं, बाकीच्या झडपा बंद. प्लास्टिकचे नळाचे पाइप स्वस्त पडतात, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांवर स्थिर वीज साचते आणि हात लागला की झटका बसतो. पत्र्याच्या वाहिनीला अर्थिंग दिलं की तो प्रश्न उरत नाही.

पंख्याच्या आधी सायक्लोन हवा होता. हवा त्यात कडेनं शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीवर फेकले जाऊन खाली ड्रममध्ये पडतात आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघते. माझ्यासाठी तो दुहेरी गरजेचा. जुन्या सागवानात कितीही शोधलं तरी एखादा खिळा राहतोच. तो पंख्याच्या पात्यावर आदळून ठिणगी पडण्यापेक्षा आधीच ड्रममध्ये गेलेला बरा. कागदावर आकृती काढून मी कुलरच्या टाक्या करणाऱ्या एका पत्र्याच्या कारागिराकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "सर, हे डाळमिलचं सायक्लोन आहे की! बार्शीला असली लई बनवली ओ आम्ही." डाळीची फोलपटं आणि लाकडाचा भुसा, दोन्हींना नियम एकच. कोन लांब ठेवा, सांधे आतून गुळगुळीत ठेवा, हे मी सांगायच्या आत त्यांनीच मला सांगितलं. पुस्तकात जे मला चार रात्री वाचून कळलं, ते त्यांच्या हाताला आधीच माहीत होतं. आपल्या गावातल्या अशा कारागिरांना विचारल्याशिवाय कुणीही तयार यंत्र मागवू नये असं मला मनापासून वाटतं.

ड्रमही महत्त्वाचा. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी निळे प्लास्टिकचे ड्रम असतात. पण सगळ्या झडपा बंद असताना शोषणानं तसला ड्रम आत चेपला जातो. म्हणून लोखंडी २०० लिटरचा घेतला. त्याच्या झाकणाला रबराची पट्टी लावली, कारण खालून बारीक फटीतून हवा शिरली तरी पडलेला भुसा परत उचलला जातो आणि थेट फिल्टरवर जातो.

फिल्टरवर मी सर्वांत जास्त विचार केला. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हवा बाहेर सोडून देणं. पण शेजारच्या गच्चीवर मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात. माझी धूळ त्यांच्या वाळवणात जाऊ देणं मला मान्य नव्हतं. शिवाय शहराच्या हवेचं आधीच बरं नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे. मग हवा गाळूनच सोडायची. यंत्रासोबत आलेली पिशवी ३० मायक्रॉनची होती, म्हणजे जे घातक ते सगळं तिच्यातून आरपार. टॉवेल आणि चादरींच्या या गावात जाड कापड हवं तेवढं मिळतं, पण विणलेल्या कापडात उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये भोकं राहतातच. इथे लागतं ते न विणलेलं, सुयांनी टोचून तंतू गुंतवलेलं पॉलिएस्टर फेल्ट. त्याच्या लांब पिशव्या शिवून घेतल्या, आणि मुद्दाम जास्त. कापडाचं क्षेत्रफळ वाढलं की हवा सावकाश पार होते आणि शोषण कमी होत नाही.

वायरमननं चिमटा मीटर लावून एक गोष्ट दाखवली. पाइप तुंबला की मोटरचा करंट वाढत नाही, उतरतो, कारण पंख्याला ढकलायला हवाच नसते. आता मी तो आकडा बघून पिशव्या झटकायची वेळ ओळखतो.

सँडरला मात्र ही यंत्रणा जोडलेली नाही. त्याची भोकं बारीक, त्यांना कमी हवा पण जोरदार ओढ लागते. ते काम वेगळा व्हॅक्यूम करतो. आणि मास्क अजूनही लावतो. मीटरचा आकडा पूर्वीच्या मानानं बराच खाली असतो, काम थांबवलं की लवकर उतरतो. सागवानाचा भुसा पाणी तापवायच्या बंबाला जातो. प्लाय आणि एमडीएफचा जाळत नाही, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो.

माझी शेड हौसेची आहे, मी मनात येईल तेव्हा काम बंद करू शकतो. नवीन फ्लॅटमध्ये खिडक्या लावून दिवसभर प्लाय कापणाऱ्या पोरांना ती सोय नाही. त्यांच्याकडून कपाट करून घेणाऱ्या प्रत्येकानं एवढं करावं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कटिंग शक्यतो गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत करायला सांगावं, कोरडा झाडू मारू देऊ नये आणि कामाच्या पहिल्या दिवशीच एन-९५ मास्कचा डबा त्यांच्या हातात द्यावा.