जिथे गैरहजेरी लागते

मेलबर्नमधल्या मराठी घरांत नवं कॅलेंडर आलं की आधी लाँग वीकेंड शोधले जातात. मार्चमध्ये लेबर डे, मग ईस्टर, जूनमध्ये राजाचा वाढदिवस, नोव्हेंबरात मेलबर्न कप. तीन-चार कुटुंबं मिळून ग्रॅम्पियन्सच्या पायथ्याशी किंवा फिलिप आयलंडला घर घेतात. डिकीत चिवड्याचे डबे आणि बार्बेक्यूचं सामान जातं, मुलं दोन दिवस हुंदडतात आणि सोमवारी संध्याकाळी सगळे आपापल्या गॅरेजात परत येतात. या सहली हव्यातच, त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण अलीकडे आपल्या लोकांत पुरुषांच्या मानसिक आरोग्यावर थोडंफार बोललं जाऊ लागलं आहे. एखादा माणूस गप्प गप्प झाला, चिडचिडा झाला, झोपेनासा झाला, की त्याला मिळणारा पहिला सल्ला असतो, "कुठेतरी दोन दिवस जाऊन ये." हा सल्ला मायेनं दिलेला असला तरी अपुरा आहे, आणि त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

सुट्टीचा मनावर काय परिणाम होतो हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दीड हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परतल्यावर मात्र ते आणि घरीच राहिलेले यांत बहुतेकांच्या बाबतीत फरक उरला नाही. सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगणाऱ्यांचा आनंद तेवढा काही आठवडे टिकला. म्हणजे सुख आहे ते जाण्याच्या तयारीत आणि वाट पाहण्यात, आणि तेही खरंच आहे. पण ज्या दिवसांनी माणसाला थकवलं, त्याच दिवसांत तो मंगळवारी सकाळी परततो. सहलीनं त्या दिवसांत काही बदललेलं नसतं.

ते दिवस कसे असतात? टार्नीट, ट्रूगनिना, क्लाइड, क्रेगीबर्न अशा शहराच्या कडेच्या उपनगरांत आपली बरीच वस्ती आहे. तिथे घरं आधी उभी राहिली. बस, वाचनालय, सभागृह मागून आलं किंवा अजून यायचं आहे. गॅरेजचं दार रिमोटनं उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं. आठवड्यातले निम्मे दिवस काम घरूनच. पुण्यात किंवा सांगलीत या माणसाभोवती काही माणसं ठरवल्याशिवाय होती : कोपऱ्यावरचा चहावाला, लोकलच्या ठरलेल्या डब्यातली टोळी, सोसायटीच्या गणपतीत मांडव घालणारे, कँटीनमध्ये एकाच टेबलावर जेवणारे. यांतल्या फार थोड्यांशी तो मनातलं काही बोलला असेल. तरी ती नाती होती. ती कशाच्या तरी भोवती जमलेली होती आणि तो दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी विचारत होतं. स्थलांतरात पगार, हवा, रस्ते सगळं मिळालं, पण कुणी वेगळी काढून न दाखवलेली ही गोष्ट मागे राहिली. इथे माणसं भेटतात ती आधी मेसेज करून, आठवडाभर आधी वेळ ठरवून, बहुतेकदा कुटुंबासह आणि बहुतेकदा बायकोच्या मैत्रिणीच्या घरी.

बायकांचंही सगळं सुटलेलं असतंच. पण शाळेच्या फाटकाशी, प्लेग्रुपमध्ये, भिशीत, मंगळागौरीच्या सरावात त्या नवं जाळं विणतात, आणि त्यासाठी मेहनत घेतात. हा त्यांच्या स्वभावाचा भाग मानून पुरुषांनी मोकळं होऊ नये. ते काम आहे, आणि घरातल्या पुरुषाचा सगळा सामाजिक भारही त्याच कामावर उभा असतो. नवरा-बायकोचं नातं ताणलं किंवा तुटलं, की त्याच्याकडे काहीच उरत नाही. ऑस्ट्रेलियात दरवर्षी तीन हजारांहून अधिक लोक आत्महत्या करतात आणि त्यांत चारांपैकी सुमारे तीन पुरुष असतात. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांतही सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुष, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा. देश बदलला म्हणून हा प्रश्न मागे राहिला, असं समजायला जागा नाही.

या प्रश्नावर ऑस्ट्रेलियानं शोधलेलं एक उत्तर आपल्या लोकांनी नीट पाहिलेलं नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला या छोट्या गावात १९९८ च्या जुलैमध्ये 'मेन्स शेड' नावानं एक जागा उघडली. इथे घरामागच्या शेडमध्ये एकट्यानं खुडबुड करत बसणं ही पुरुषांची जुनी सवय. ती शेड सामाईक केली, एवढीच कल्पना. आज देशभरात अशा हजारावर शेड आहेत आणि हे लोण आयर्लंड, ब्रिटन आणि इतर देशांतही पोचलं आहे. २०१० च्या राष्ट्रीय पुरुष आरोग्य धोरणातून या चळवळीला सरकारी पैसाही मिळाला. आत लेथ असतं, करवत असते, रंधा असतो, चहाची किटली असते. बालवाडीची मोडलेली खुर्ची, शेजारच्या आजींची सायकल, वाचनालयाचं कपाट दुरुस्तीला येतं. कुणी कुणाला "तुला कसं वाटतंय?" असं समोर बसवून विचारत नाही. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, हे त्या चळवळीचं सूत्र आहे. फळी घासता घासता एखादा सांगून टाकतो की डॉक्टरांनी प्रोस्टेटची तपासणी सांगितली आहे, किंवा मुलगी फोन उचलत नाही. नजर फळीवर असते म्हणून ते सांगता येतं.

हीच गोष्ट आपण सहलीला जातो त्या ठिकाणीही घडते आहे, फक्त आपण तिथे तिकीट काढून बसतो. डँडेनाँग टेकड्यांतली 'पफिंग बिली' ही वाफेची छोटी गाडी मेलबर्नला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवली जाते, आपण माथेरानची दाखवतो तशी. १९०० साली सुरू झालेला हा मार्ग १९५३ मध्ये दरड कोसळून बंद पडला. कायमचाच गेला असता. पण लोकांनी संस्था काढली, लष्कराच्या जवानांची मदत घेऊन दरडीला वळसा घालणारा रूळ टाकला आणि १९६२ मध्ये पहिला टप्पा पुन्हा सुरू झाला. शेवटच्या जेम्ब्रूक स्थानकापर्यंत गाडी परत पोचायला १९९८ उजाडलं. आजही पगारी नोकरांबरोबर शेकडो स्वयंसेवक ही गाडी चालवतात : कुणी कोळसा घालतं, कुणी फाटक सांभाळतं, कुणी तिकिटं तपासतं. डब्याच्या खिडकीत पाय बाहेर सोडून बसलेल्यांचा दिवस मजेत जातो. पण त्या शिट्टीची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचा पुढचा शनिवारही ठरलेला असतो. सहलीला जातो त्या किनाऱ्यालगतच्या ग्रेट ओशन रोडचं मूळही असंच आहे. १९१९ ते १९३२ या काळात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी, बहुतांशी कुदळ-फावड्यानं, तो रस्ता आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून खोदला. त्या कामानं त्यांची मनं बरी झाली असा दावा मी करणार नाही. ते कष्टाचं आणि जिवावरचं काम होतं. पण परतलेल्या माणसाला आराम पुरत नाही, त्याला त्याच्यासारख्यांबरोबर काही उभारण्याची जागा लागते, एवढं त्या काळच्या लोकांना कळलं होतं.

यावर शंका घेता येते की मुळात धडधाकट आणि बोलकी माणसंच अशा ठिकाणी जातात, मग ती आनंदी दिसली तर नवल काय? शंका रास्त आहे. मेन्स शेडबद्दलचा पुष्कळसा पुरावा तिथे जाणाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे. म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या हजारो लोकांची वर्षानुवर्षं घेतलेली माहिती त्यात तपासली होती. आधी नैराश्य असलेल्या, कुठल्याही गटात नसलेल्या लोकांपैकी जे एका गटात सामील झाले, त्यांना पुन्हा नैराश्य येण्याची जोखीम २४ टक्क्यांनी कमी होती. तीन गटांत सामील झालेल्यांची ६३ टक्क्यांनी. इथे सुरुवातच आजारी माणसांपासून आहे, त्यामुळे 'धडधाकट तेवढे गेले' हे उत्तर पुरत नाही. अशा अभ्यासानं कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रत्येक जादा गटागणिक फायदा वाढत जातो, तेव्हा त्याकडे डोळेझाक करणं कठीण आहे.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे : नैराश्य हा आजार आहे आणि आजाराला डॉक्टर लागतो, सुतारकाम नाही. शंभर टक्के खरं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत त्याला कुठल्या मंडळाकडे पाठवू नये; लाइफलाइन या मदतवाहिनीचा १३ ११ १४ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो लावावा. इथला फॅमिली डॉक्टर मानसिक उपचारांची योजना लिहून देतो आणि वर्षाला दहा सत्रांपर्यंत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं अनुदान मिळतं. तरीही आपले पुरुष तिथे जात नाहीत, आणि याचं एक कारण मला असं दिसतं की 'तू पूर्वीसारखा नाहीस' हे ओळखणारं माणूसच आसपास नसतं. बायको ओळखते, पण तिचं बोलणं भांडण म्हणून ऐकलं जातं. दर आठवड्याला सोबत काम करणाऱ्या माणसानं तेच म्हटलं, तर ते निरीक्षण म्हणून ऐकलं जातं. उपचारांपर्यंत पोचण्याचा रस्ता अशा माणसांतून जातो.

पुरुषांच्या गटांबद्दलची भीतीही निराधार नाही. पफिंग बिलीच्याच जुन्या कारभारावर व्हिक्टोरियाच्या ऑम्बड्समननं २०१८ मध्ये अहवाल दिला. दोषी ठरलेल्या एका लैंगिक गुन्हेगाराला तिथे वर्षानुवर्षं वावरू दिलं गेलं होतं. आपला माणूस म्हणून झाकून घेणं हा अशा गटांचा रोग आहे आणि त्याला नियमच लागतात, सद्भावना नव्हे. मुलांशी संबंध येणाऱ्या कामासाठी राज्यात स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासण्याचा कायदा आहे, तो आपल्या मंडळांनी तंतोतंत पाळावा.

आपल्या मंडळांचा वेगळा प्रश्न असा की तिथे पदं आहेत आणि कार्यक्रम आहेत, कामं मात्र थोड्यांच्या वाट्याला येतात. गणेशोत्सवात पाचशे माणसं प्रसाद घेऊन घरी जातात आणि वीसजण रात्री दोनपर्यंत खुर्च्या आवरतात. ते वीसजण थकतात, भांडतात, पण त्यांची मैत्री पक्की होते. पाचशेंपैकी एखाद्याला खुर्च्या उचलायला बोलवावं असं कुणाला सुचत नाही, कारण तो पाहुणा आहे. मेलबर्नच्या 'सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया'कडे पाहावं. त्यांची गाडी गरजूंना शिजवलेलं अन्न वाटत फिरते. २०२० च्या जानेवारीत पूर्व व्हिक्टोरिया जळत होतं तेव्हा त्यांनी बेर्न्सडेलला जाऊन लोकांना जेवू घातलं. कांदे चिरायचे आहेत, भांडी घासायची आहेत. नवखा माणूस पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो आणि त्यासाठी त्याला भाषण येण्याची गरज नसते. लंगरची परंपरा त्यांना हे सोपं करून देते. पण पंगत वाढायची परंपरा आपल्याकडेही आहे. आणि सगळं मराठीतच झालं पाहिजे असंही नाही. वादळात पडलेली झाडं हटवणारी राज्याची आपत्कालीन सेवा आणि वणवे विझवणारी कंट्री फायर अथॉरिटी, दोन्ही मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतात आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत त्यांना माणसं हवीच असतात.

"वेळ कुठे आहे?" असं विचारलं जाईल. घराचे हप्ते आहेत, मुलांचे क्लास आहेत, आणि शनिवारी नवरा आणखी कुठे गेला तर घराचा बोजा पुन्हा बायकोवर. ही हरकत मी सर्वांत आधी बायकांच्या बाजूनं ऐकतो. आठवड्याचे दोन-तीन तास पुरुषानं स्वतःच्या वेळातून, फोन आणि टीव्हीच्या वेळातून काढायचे. घरकामाच्या वाट्यातून नाहीत. आणि बायकोलाही तेवढेच तास मिळाले पाहिजेत.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचा विचार तर आपण करतच नाही. नातवंडं सांभाळायला आलेले वडील. पिंपरी-चिंचवडला किंवा नाशिकच्या सातपूरला तीस वर्षं फिटर, टर्नर म्हणून राबलेला माणूस इथे गाडी चालवत नाही, इंग्रजीला बिचकतो आणि सून-मुलगा कामावर गेले की दिवसभर यूट्यूबवर बातम्या पाहतो. त्याला लाँग वीकेंडला पेंग्विन दाखवून आणलं की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं. बऱ्याच शेड आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उघड्या असतात, कारण त्या निवृत्त माणसांसाठीच निघाल्या. तिथलं लेथ पाहून त्याला इंग्रजीची गरज कमी भासेल. मायक्रोमीटर सगळीकडे सारखाच वाचतात. रात्रपाळीत गोदामात किंवा टॅक्सीवर राबणाऱ्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या आणि म्हणून मेडिकेअर नसलेल्या तरुणालाही तीच सकाळ मोकळी असते. मुलानं एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वडिलांना तिथे न्यावं, फाटकाशी सोडून न देता आत जाऊन ओळख करून द्यावी, आणि दुसऱ्या बुधवारी त्यांनी बसनं कसं जायचं ते एकदा सोबत जाऊन दाखवावं.